‘गुलाबक्रूस संप्रदाय’ म्हणावे का?

‘रोझिक्रूशियन’ या युरोपातील गुप्त बंधुसंघासाठी ‘गुलाबक्रूस संप्रदाय’ हा शब्द एका वाचकाला अनुवादात आढळला आणि तो योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे. माझ्या मते यातील दोन्ही घटक तपासून घ्यावे लागतील, आणि ‘संप्रदाय’ तर टाळलेलाच बरा.

१६१४ साली जर्मनीतील कासेल येथे ‘फामा फ्रातेर्निटाटिस’ ही निनावी पुस्तिका छापली गेली. तिच्या शीर्षकात संघाचे नाव ‘रोझेनक्रॉइट्झ’ (जर्मनमध्ये ‘गुलाब-क्रूस’) आहे, पण मजकुरात संस्थापकाचा उल्लेख केवळ आद्याक्षरांनी येतो. १६१५ च्या दुसऱ्या पुस्तिकेत त्याचा जन्म १३७८ साली झाल्याचे सांगितले आहे, तर क्रिस्टियान रोझेनक्रॉइट्झ हे पूर्ण नाव १६१६ च्या रूपककथेत येते. म्हणजे हा शब्द चिन्हही आहे आणि आडनावही; ‘गुलाबक्रूस’ म्हटल्यावर चिन्ह कळते, माणूस मात्र हरवतो. ती रूपककथा लिहिणारा योहान व्हालेंटिन आंद्रेए याच्या घराण्याच्या मानचिन्हात क्रूस आणि चार गुलाब होते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

काही जुन्या लेखकांनी या नावाचा पहिला भाग ‘रोझा’ (गुलाब) नसून ‘रॉस’ (दव) असल्याचे सुचवले, कारण किमयागार दवाला सोने विरघळवणारा द्रव मानत. ही व्युत्पत्ती मला ओढून आणलेली वाटते. तरीही आपला ‘गुलाब’ फारसी ‘गुल’ आणि ‘आब’, म्हणजे फूल आणि पाणी, यांपासून झालेला आहे. त्यामुळे मराठी शब्दात पाणी योगायोगाने आलेच आहे.

‘संप्रदाय’ म्हणजे गुरूकडून शिष्याकडे नीट सोपवत आलेले ज्ञान. १६१४ च्या पुस्तिकेतील नियमांत रुग्णांवर विनामूल्य उपचार करणे, वेगळा वेष न घालता त्या त्या देशाचाच वेष धारण करणे, वर्षातून एकदा ‘पवित्र आत्म्याच्या घरी’ भेटणे आणि शंभर वर्षे गुप्त राहणे यांच्याबरोबरच प्रत्येकाने आपला वारस निवडणे हाही नियम आहे, म्हणून या शब्दाकडे वळणे स्वाभाविक आहे. निसर्ग आणि धर्मग्रंथ या दोन्हींचे ज्ञान परस्परांशी जुळते, मनुष्य ही विश्वाची लहान प्रतिमा आहे, आणि सोने बनवणे ही खऱ्या ज्ञान्याच्या दृष्टीने गौण गोष्ट आहे, ही शिकवणही परंपरेसारखीच वाटते. परंतु १६१४ पूर्वी अशी परंपरा अस्तित्वात असल्याचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि खुद्द आंद्रेएने आपल्या रूपककथेला ‘लुडिब्रिअम’, म्हणजे खेळ, म्हटले होते. जे सोपवल्याचे सिद्ध होत नाही, त्याला ‘संप्रदाय’ म्हणणे म्हणजे कथेलाच इतिहास मानणे होय.

त्या पुस्तिकेच्या शीर्षकातील ‘फ्रातेर्निटास’ (लॅटिनमध्ये बंधुसंघ) यामधील ‘फ्रातेर’ (भाऊ) हा आपल्या ‘भ्रातृ’चा सगोत्र शब्द आहे. म्हणून ‘रोझिक्रूशियन भ्रातृमंडळ’ असे लिहावे, आणि पहिल्या उल्लेखाशेजारी कंसात ‘गुलाब व क्रूस हे चिन्ह असलेले’ एवढे जोडावे.