रॅक आणण्याआधी गाडी आत लावा

गॅरेज मोकळं दिसतंय म्हणून लगेच रॅक आणायला धावू नका. आधी गाडी आत लावा, सगळी दारं आणि डिकी पूर्ण उघडा, आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. रेघेबाहेर उरेल तेवढीच जागा सामानाची. ती बहुधा अरुंदच निघते, पण १२ ते १५ इंच खोलीचा स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या जोडून केलेला, रॅक घरगुती सामानाला छान पुरतो.

तुमचं घर कोकणात असेल, तर खरा प्रश्न ओल आणि वाळवीचा. पुठ्ठ्याचे खोके आणूच नका. ते ओल धरतात आणि वाळवीला आयतं खाद्य मिळतं. झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे घ्या. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून निदान ६ इंच वर हवा. रॅक भिंतीला चिकटवू नका, चार बोटं फट ठेवून क्लॅम्पने पक्का करा. त्या फटीत पावसाळ्यात अधूनमधून बॅटरी मारून बघा. भिंतीवर मातीची बारीक नळी चढताना दिसली, की वाळवी आली समजा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे थिनर, पेट्रोल, रंगाचे डबे तिच्याजवळ नकोत. जादा सिलिंडरही बंद शटरआड ठेवू नका. तो गॅस हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो.

जड सामान खाली, हलकं वर. गणपतीचं मखर सगळ्यात वर गेलं तरी चालेल.