बडोद्याच्या एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) प्रवेश मिळालाय, गुजराती येत नाही. एकटं पडायला होईल का?

नाही पडणार. शिकवणं इंग्रजीत, गप्पा हिंदी-गुजरातीत, आणि 'केम छो'च्या पुढचं गुजराती महिन्याभरात कानावर बसतं.

एक मात्र लक्षात घ्या, हे एका कुंपणातलं विद्यापीठ नाही. घुमटवाली आर्ट्स फॅकल्टी सयाजीगंजकडे, इंजिनिअरिंग कलाभवनात, संगीत-नाटक सूरसागरसमोर. त्यामुळे मैत्री आधी आपल्या फॅकल्टीच्या कट्ट्यावर जमते, मग बाहेर. मी कलाभवनचा. लेक्चर बुडवून आमची टोळी दांडिया बाजारात, तिथे अजूनही ओट्यावरून मराठी ऐकू येतं. संध्याकाळी शेव-उसळ: तिखट रस्सा, वर शेव, हिरवी पात आणि सोबत पाव. नाव आपलं, चव पार बडोद्याची!

नवरात्र चुकवू नका. फाइन आर्ट्सचा गरबा मोठ्या मैदानांसारखा झगमगाटी नाही, म्हणूनच मला जास्त आवडतो. पहिल्या वर्षी मी चुकीच्या पायावर गिरकी घेऊन मागच्या काकूंवर आदळलो. त्या हसल्या, हात धरून दोन टाळ्यांचा ठेका शिकवला. तेव्हा सुटलेला सँडलचा पट्टा मात्र परत सापडला नाही.

हॉस्टेलचा अर्ज लवकर भरा.