माशांच्या हौदासाठी परवडणारा जैविक फिल्टर

प्रश्न : आमच्या अंगणात ४,००० लिटरचा सिमेंटचा हौद असून त्यात १४ कोई मासे आहेत. त्यांना रोज सुमारे १०० ग्रॅम खाद्य घालतो. २०० लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपाचा फिल्टर करण्याचा विचार आहे, परंतु पिंपभर सिरॅमिक रिंगा घेणे परवडणारे नाही. त्याऐवजी खडी, जांभ्याचे तुकडे किंवा नारळाचा काथ्या चालेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण पिंपाच्या आकारावरून मीडियाचा, म्हणजे जिवाणूंना चिकटून राहता यावे म्हणून फिल्टरमध्ये भरायच्या साहित्याचा, हिशेब करीत आहात; तो माशांच्या खाद्यावरून करावा. ३५ टक्के प्रथिने असलेले १०० ग्रॅम खाद्य घातले, की माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे दिवसाला सुमारे ३ ग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात उतरतो. फिल्टर नसेल तर आपल्या हौदात दर लिटरमागे रोज पाऊण मिलिग्रॅमची भर पडत जाईल आणि ती माशांना लवकरच बाधेल. या अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः कोणत्याही पृष्ठभागाला चिकटून बुळबुळीत थराच्या रूपात राहतात, म्हणून त्यांना जागा द्यावी लागते. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल, तर एक चौरस मीटर जागेवरील थर दिवसाला साधारण ०.२ ग्रॅम नायट्रोजन हाताळतो, असे धरून चालता येते. त्या हिशेबाने आपल्याला १५ चौरस मीटर पुरावेत. परंतु घरगुती पिंपात पाणी सगळीकडे सारखे फिरत नाही, म्हणून मी दुप्पट, म्हणजे ३० चौरस मीटर धरतो.

वीस मिलिमीटरच्या खडीचा बाहेरचा पृष्ठभाग घनमीटरमागे सुमारे १८० चौरस मीटर भरतो. म्हणजे आपल्याला जवळजवळ १७० लिटर, वजनाने अडीचशे किलो खडी लागेल. आपली काळी खडी पाण्यात विरघळत नाही आणि ती काम चोख करते. अडचण आहे ती स्वच्छतेची, कारण तळाच्या खडीत साचलेला गाळ काढण्यासाठी सगळे पिंप उपसावे लागते. (खडीत चुनखडीचे तुकडे असल्याची शंका आली, तर त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत, फेस आला तर ते तुकडे वापरू नयेत.) जांभा सच्छिद्र असल्यामुळे मोह पडतो, पण वाहत्या पाण्यात त्याच्या कडा झिजून तांबडा गाळ होतो. वापरायचाच असेल, तर उन्हापावसात कडक झालेल्या जुन्या चिऱ्याचे तुकडे घ्यावेत आणि धुतलेले पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. काथ्या मात्र नको. तो पाणी तपकिरी करतो आणि पुढे स्वतःच कुजू लागतो.

सिरॅमिक रिंगांच्या जाहिरातीत जो प्रचंड पृष्ठभाग सांगितला जातो, त्यात आतल्या सूक्ष्म छिद्रांचाही हिशेब असतो. त्या छिद्रांतून पाणी वाहत नाही, प्राणवायू आतपर्यंत जेमतेम पोहोचतो आणि काही महिन्यांत त्यांची तोंडे थराने व गाळाने बुजतात. मग उरतो तो बाहेरचाच पृष्ठभाग, जो खडीही देते. म्हणून मोठ्या हौदासाठी त्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी पसंती सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या, चाकाच्या आकाराच्या छोट्या प्लास्टिक मीडियाला आहे. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत विकसित झाली. आज गृहनिर्माण संस्थांच्या प्रकल्पांसाठी हा मीडिया आपल्या देशातच तयार होतो आणि सुटा विकत मिळतो. घनमीटरमागे ५०० चौरस मीटर पृष्ठभागाचा प्रकार घेतल्यास आपल्याला फक्त ६० लिटर लागेल. पिंपाच्या तळाशी हवेचा दगड (हवेच्या पंपाच्या नळीला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) सोडला, की तुकडे सतत घुसळत राहतात आणि एकमेकांवर घासून जास्तीचा थर आपोआप निघतो. हा मीडिया मिळाला नाही, तर भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळ्या चालतील. त्यांत स्टीलची तार किंवा साबण नसावा.

वाचलेले पैसे हवेच्या पंपावर आणि पिंपाआधी गाळ अडवणाऱ्या स्पंजाच्या बादलीवर खर्च करावेत. रोजचा ३ ग्रॅम नायट्रोजन हाताळताना जिवाणू जवळजवळ १४ ग्रॅम प्राणवायू वापरतात. पावसाळ्यात वीज काही तास गेली, तर बंद पिंपातला प्राणवायू संपून ते मरू लागतात. अशा वेळी पिंपातले पाणी बाहेर सोडून मगच पंप सुरू करावा आणि शक्य असल्यास बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा.

प्रश्न : माझ्या ५०० लिटरच्या टाकीतील स्पंज आणि रिंगा मी दर महिन्याला नळाखाली स्वच्छ धुतो. त्यानंतर काही दिवस मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. मीडिया बदलावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बदलू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे आपले जिवाणू दर महिन्याला मरत असावेत आणि त्यांची वाढ पुन्हा होईपर्यंत अमोनिया व नायट्राइट साचत असावे. सध्या निम्मे पाणी बदलावे, मात्र नवे पाणी क्लोरीन काढूनच घालावे, आणि चार दिवस खाद्य निम्म्यावर आणावे. यापुढे टाकीतूनच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा. रिंगांना त्याच महिन्यात हात लावू नये.