प्रायव्हसी म्हणजे 'गोपनीयता' नव्हे

प्रश्न असा आहे: ॲपच्या मराठी आवृत्तीत 'प्रायव्हसी'ला 'गोपनीयता' लिहावं की 'खासगीपणा'? आणि नावं काढून टाकलेल्या डेटाला 'निनावी' म्हणावं का?

'गोपनीयता' रुळलाय खरा, पण इथे तो दिशाभूल करतो. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, डॉक्टर रुग्णाच्या आजाराबाबत गोपनीयता पाळतात. म्हणजे दुसऱ्याची माहिती ज्याच्या हाती आली, त्याने ती फोडायची नाही. प्रायव्हसी हा ज्याची माहिती त्याचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मूलभूत ठरवला तो हा. शिवाय 'गोपनीय' म्हटलं की लपवणं आलं, आणि "माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे लगेच तोंडी येतं. औषधाच्या दुकानात कधी गेलो, कुठल्या थांब्यावर उतरलो, यात गुपित कसलं? पण वर्षभराच्या अशा नोंदी एकत्र आल्या की माणसाचं दुखणं, कर्ज, देवधर्म सगळं उघडं पडतं. मुद्दा गुपिताचा नाही, ताब्याचा आहे.

'खासगी'त हा ताबा आहे. होळकरांच्या राज्यात 'दौलत' (राज्याचा पैसा) आणि 'खासगी' (राजघराण्याचा) हे हिशेब वेगळे असत. खासगी म्हणजे लपवलेला पैसा नव्हे. त्यावरचा अधिकार वेगळा, एवढंच. म्हणून 'खासगीपणाचा हक्क' लिहावं. 'खासगी डेटा' मात्र टाळा, कारण 'खासगी कंपनी'मुळे तो कंपनीचा वाटतो. तिथे 'वैयक्तिक माहिती' बरं.

आता 'निनावी'. निनावी पत्र लिहिणारा सापडू नये, अशी आपली अपेक्षा असते. नुसतं नाव खोडलेल्या डेटात माणूस सापडतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९९०च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नाव-पत्ता काढून संशोधकांना दिल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा झिप कोड तसाच राहिला. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरना विकत घेतली आणि ताडून पाहिली. त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे सहा जण यादीत निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारा एकच. त्यांच्या उपचारांच्या नोंदी हाती लागल्या.

म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा. फक्त नाव, फोन, पत्ता काढला असेल तर 'नाव वगळलेला डेटा'. जन्मतारखेऐवजी वयोगट, पिनकोडऐवजी जिल्हा असं करून, एकाच माणसाशी जुळेल अशी ओळ उरली नाही हे तपासलं असेल, तरच 'ओळख पुसलेला डेटा'. भारताच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मागतानाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. त्या मराठी सूचनेत पहिल्या प्रकाराला 'निनावी' लिहिलं, तर वाचणारा चुकीच्या समजुतीने 'मान्य आहे' दाबेल.