चार्जर '४८ व्होल्ट'चा आहे, मग चालेल ना?

मित्रा, बॅटरी पॅक स्वतः बांधलास, झकास! पण जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरचा लेड-ॲसिड बॅटरीसाठीचा चार्जर त्याला लगेच लावू नकोस. '४८ व्होल्ट' हे नुसतं नाव आहे. तुझा १३ सिरीजचा (एकामागे एक जोडलेल्या १३ सेलचा) लिथियम-आयन पॅक ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो. लेड-ॲसिडचा '४८ व्होल्ट' चार्जर ५८-५९ पर्यंत चढतो, म्हणजे प्रत्येक सेलवर साधारण ४.५ व्होल्ट. मर्यादा आहे ४.२. आग लागते ती इथेच.

"बीएमएस (पॅकमधलं बॅटरी सांभाळणारं सर्किट) आहे की, तो चार्जिंग कापेल" असं नवखे हमखास म्हणतात. बीएमएस हा शेवटचा बचाव, त्याच्या भरवशावर रोज चार्जिंग करायचं नसतं.

सध्या एवढंच सांभाळ:

- लेबलवर विसंबू नको. चार्जरचं आउटपुट मल्टिमीटरने मोज. ५४.६ च्या वर दिसलं तर तो चार्जर बाजूला ठेव.
- प्लस-मायनसही मीटरनेच तपास. पिन बसली म्हणजे पोलॅरिटी जुळली असं नाही.
- १० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे पॅकची क्षमता) च्या पॅकला २ अँपिअर पुरे. वेळ लागू दे.
- रात्रभर लावून झोपायचं नाही, आणि जिन्यात किंवा दाराशी तर मुळीच नाही. पेटलं तर बाहेर पडायची वाटच बंद.

पॅक फुगला किंवा चार्जिंगला तापला तर थांबव. बॅलन्सिंगचं (सगळ्या सेलचा व्होल्टेज सारखा करण्याचं) नंतर बघू. आधी योग्य चार्जर घे.