कुर्ल्याच्या गाळ्यातल्या छोट्या सीएनसी राउटरसाठी (संगणकाच्या हुकमावर कापणारं-कोरणारं मशीन) स्वस्त डिझाइन सॉफ्टवेअर कोणतं?

एमडीएफच्या जाळ्या, नावाच्या पाट्या आणि अधूनमधून अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, तेही गिऱ्हाइकासाठी, असं तुम्ही लिहिलंय. मग फ्यूजन या डिझाइन सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती विसरा. ती वैयक्तिक, बिनधंद्याच्या वापरासाठी आहे. शिवाय तिच्यात रॅपिड हालचाल (न कापता झपकन सरकणं) बंद असते, म्हणजे टूल हवेतूनही कापायच्याच वेगाने रांगतं.

मी फ्रीकॅड घेईन. पूर्ण मोफत, धंद्यालाही चालतं. नोव्हेंबर २०२४मध्ये १.० आवृत्ती आल्यापासून बरंच सुधारलंय. डिझाइन आणि टूलपाथ (टूल कुठून कसं फिरायचं तो मार्ग) दोन्ही त्यातच होतात. शिकायला मात्र डोकं खातं, पहिला आठवडा वैतागाल.

काम फक्त पाट्या-जाळ्यांचंच असेल, तर व्हीकार्व्ह कितीतरी सोपं. पैसे एकदाच भरायचे, दरवर्षीची कटकट नाही. ट्रायलवर आधी हात बसवा. स्वतःच्या कामाचा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) ट्रायलमधून निघत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

काहीही घ्या, आधी मशीनचा कंट्रोलर (जी-कोड वाचून मशीन हलवणारा भाग) बघा: मॅक३, जीआरबीएल की आणखी काही? त्याचा पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा त्या कंट्रोलरला कळेल असा जी-कोड करणारा भाग, सॉफ्टवेअरमध्ये हवाच. आणि पहिला प्रोग्रॅम झेड (टूलचा वर-खालचा अक्ष) वर उचलून हवेत चालवा, महागड्या मालावर नको.