मुलगी सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये शाळेत जाणार आहे. तिथे डिझाइन अँड टेक्नॉलॉजी असतं म्हणतात, एवढ्या लहान मुलांना त्यात काय शिकवतात? आधीच कोडिंग किट घेऊन ठेवू का?

किट नका घेऊ, पैसे वाचवा. मी इथे इंग्लंडमध्येच प्रायमरीत लहान वर्गांना शिकवते आणि दरवर्षी कोणीतरी आई-बाबा हेच विचारतात. कोडिंग कॉम्प्युटिंगमध्ये येतं, तो विषयच वेगळा.

रिसेप्शनमध्ये, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांना, डी अँड टी असा वेगळा तास नसतो, रिकामे खोके, दोरे, मास्किंग टेप घेऊन काहीबाही बनवणं चालू असतं. खरा विषय इयर वनपासून, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या वर्गापासून. नॅशनल करिक्युलममध्ये, म्हणजे इथल्या सरकारी अभ्यासक्रमात, तो १९९० पासून आहे. पाच ते सात वयात तरफ, सरकणारी चित्रं, चाकं नि आस, कापणं, जोडणं, आणि हो, थोडा स्वयंपाकपण त्यातच येतो.

आता गाडीचंच घ्या. नुसती गाडी नाही, टेडीला बसता येईल अशी गाडी, कारण कोणासाठी बनवतोय हे ठरल्याशिवाय ती चांगली झाली की नाही ते कशावरून ठरवणार? बरीच मुलं आधी चाकं खोक्याला डिंकाने चिकटवून मोकळी होतात, दिसते मस्त पण ढकलली की फरफटत जाते. इथे मोठ्यांचे हात शिवशिवतात बघा, पण हात लावायचा नाही, फक्त विचारायचं की यातलं काय फिरायला पाहिजे? मग कोणीतरी खोक्याला भोकं पाडून काडी आरपार घालतं, भोकं वाकडी पडतात, काडी अडकते, थोडी रडारड होते, आणि मग आम्ही स्ट्रॉ पुढे करतो. स्ट्रॉ खोक्याच्या तळाला चिकटवायचा, काडी त्यात सैल फिरली पाहिजे आणि चाकं मात्र काडीला घट्ट. काय सैल, काय घट्ट हे हाताला कळलं पाहिजे, वर्कशीटवर रंगवून नाही कळत. आधी काढलेलं चित्र आणि झालेली गाडी यांचा काडीचा संबंध नसतो, या वयात चालतं ते.

घरी करायचंच असेल तर केळं, काकडी कापू द्या, तुम्ही शेजारी बसून. सीरियलचे खोके फेकू नका, उलगडून आतली बाजू बाहेर करून परत चिकटवा, छापील गुळगुळीत बाजूवर रंग धरत नाही. अरविंद गुप्ता टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवतात, ती कशी करायची ते त्यांच्या साइटवर मराठीतपण फुकट आहे, पुण्याचे असाल तर माहीत असतीलच. काड्यापेटीच्या काड्या नि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून केलेले आकार तर भारीच, पण ते जरा मोठी झाल्यावर, बारीक तुकडे असतात.

आणि ती डावखुरी असेल तर डावखुऱ्यांची कात्री घ्या. साध्या कात्रीत डाव्या हाताने कापताना पातं नेमकं रेषेवर येतं, तिला रेष दिसतच नाही आणि आपण म्हणत बसतो पोरीला कापता येत नाही.